गाडीतलं कंपनीचं नेव्हिगेशन घ्यावं, की फोनवरचा नकाशाच पुरे?

आडवाट (धागाकर्ता)

मंडळी, एकाच मॉडेलचे दोन व्हेरियंट समोर आहेत. वरच्यात कंपनीचं स्वतःचं नेव्हिगेशन आहे. खालच्यात नुसता टचस्क्रीन आणि त्यावर वायरने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले. किमतीत सत्तर-ऐंशी हजारांचा फरक. वापर म्हणाल तर रोज पुण्यात, महिन्यातून एकदा गुहागर, वर्षातून तीन-चारदा समृद्धीने नागपूर. शोरूमवाले म्हणतात, "घाटात रेंज नसते, फोन बंद पडतो, आपलं चालू राहतं." हे कितपत खरं? आणि एवढ्या एका कारणासाठी वरचा व्हेरियंट घ्यावा का? नेमकी तांत्रिक माहिती मिळाली तर ठरवायला सोपं जाईल.

---

घाटमाथा

आधी शब्द सोडवून घेऊ, कारण शोरूममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात.

पहिली गोष्ट खरं इनबिल्ट. नकाशा गाडीच्या मेमरीत किंवा एसडी कार्डावर, अँटेना गाडीची, रस्ता काढणारं डोकंही गाडीचं. दुसरी म्हणजे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले. इथे डोकं फोनचं, गाडीचा फक्त पडदा आणि स्पीकर. तिसरी म्हणजे गाडीच्या यंत्रणेतच बसवलेले गूगल मॅप्स. हे आपल्याकडे मोजक्या गाड्यांत मिळतं, आणि त्याला गाडीतल्या सिमचा डेटा लागतो.

शोरूममध्येच तपासा. फोन गाडीपासून पूर्ण तोडा, ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट दोन्ही बंद करा, मग गाडीच्या स्क्रीनवर "गुहागर" टाका. रस्ता आखला गेला तर ते खरं इनबिल्ट. "फोन कनेक्ट करा" असा निरोप आला तर तुम्ही फक्त मोठ्या पडद्याचे पैसे देताय.

आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मॅपमायइंडियाचा नकाशा असतो. ही कंपनी १९९५ पासून याच कामात आहे, आणि तिचाच नकाशा 'मॅपल्स' या ॲपमध्ये फोनवर फुकट मिळतो. म्हणजे जास्तीचे पैसे नकाशासाठी जात नाहीत. ते जातात अँटेना आणि सेन्सरसाठी. त्यांची तुम्हाला किती गरज आहे, एवढंच ठरवायचं आहे.

---

उपग्रहवाला

"रेंज नाही म्हणून फोन बंद पडतो" हे अर्धंच खरं आहे.

जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, त्यांचा सिग्नल फक्त ऐकतो. ताम्हिणीत टॉवर नसला तरी डोक्यावर आकाश आहे तोवर तुम्ही कुठे आहात हे फोनला कळतंच. रेंज गेल्यावर तीन गोष्टी थांबतात: नकाशाचं चित्र उतरणं, ट्रॅफिकची माहिती आणि नव्या जागेचा शोध. चालू असलेला रस्ता फोनमध्ये साठवलेला असतो, म्हणून सरळ चालत राहिलात तर अडत नाही. वळण चुकलं की मात्र नवा रस्ता काढायला नकाशा लागतो. लोक अडकतात ते इथे.

रेंज नसताना फोनला पहिलं स्थान सापडायला वेळही जास्त लागतो. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. नेट असताना फोन तीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उचलतो. नेट नसेल तर आकाशातून सावकाश गोळा करावी लागते, आणि झाडी किंवा डोंगरकडा आड आली की एखादा तुकडा निसटतो नि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. म्हणून घाटात चहाला थांबलात तर नेव्हिगेशन बंद करू नका. फोन रीस्टार्ट तर अजिबात नको.

उपाय सोपा आहे. गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी, मग 'ऑफलाइन नकाशे', मग 'तुमचा स्वतःचा नकाशा निवडा'. चौकट ओढून पुण्यापासून गुहागरपर्यंतचा पट्टा घ्या, किती जागा लागेल ते स्क्रीनवरच दिसतं. समृद्धीसाठी दोन-तीन चौकटी करा.

इथे एक चूक फार जण करतात. हे नकाशे ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होतात आणि अपडेट सहसा फक्त वाय-फायवर होतात. घरी वाय-फाय नसेल, सगळं मोबाइल डेटावर चालत असेल, तर नकाशा गुपचूप जुना होत जातो आणि एक दिवस निघून जातो. त्याच पानावरच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोडसाठी मोबाइल डेटा चालेल असं करून ठेवा.

निघण्याआधी घरीच परीक्षा घ्या. फोन विमान मोडवर टाका आणि चिपळूण ते गुहागर गाडीचा रस्ता मागा. आला तर घाटातही येईल. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

---

बिनधास्त_बायपास

उपग्रहवाला यांच्याशी सहमत. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर चालतं, महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की नेटची गरजच नाही. दुकानं-हॉटेलांची नावं कमी सापडतात, पण गाडीवाट, पायवाट, ओढे चांगले दिसतात. मुख्य म्हणून नको, शिदोरी म्हणून ठेवा.

---

कॅलिपर

इनबिल्टच्या बाजूने एक मोठा मुद्दा राहिला: बोगदे.

बोगद्यात कुठलाही जीपीएस मरतो, गाडीचाही. पण चांगल्या इनबिल्ट यंत्रणेला चाकांच्या वेगाचा सिग्नल मिळतो आणि तिच्यात दिशा ओळखणारा जायरोस्कोप असतो. शेवटचं पक्कं स्थान, त्यात चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली याची भर, असा हिशेब ती सतत करते. सुट्या फोनला चाकं दिसत नाहीत. तो आधीच्या वेगावरून बाण पुढे सरकवत राहतो, आणि आत ट्रॅफिक अडला की बाण तुमच्या पुढे निघून जातो.

आता हे आपल्या रस्त्यांना लावून बघा. एक्सप्रेसवेचे भाताण, माडप, कामशेत हे बोगदे छोटे आहेत, तिथे काही बिघडत नाही. समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा बोगदा पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आहे, पण आत फाटाच नाही, त्यामुळे चुकायला वाव नाही. त्रास होतो तो मुंबईच्या कोस्टल रोडवर. बोगदा दोन किलोमीटरचाच आहे, पण गिरगाव चौपाटीकडून उत्तरेला जाताना बाहेर पडलं की थोड्याच अंतरात ब्रीच कँडी आणि हाजी अलीचे फाटे येतात. फोन जागेवर यायला काही सेकंद घेतो, आणि त्या वेगाला काही सेकंद म्हणजे दोन-अडीचशे मीटर. कोणता फाटा घ्यायचा ते बोगद्यात शिरण्यापूर्वीच वाचून ठेवा.

चाकांचा हिशेब बेसमेंट पार्किंगमधून निघतानाही कामाला येतो. फोन गेटपाशी गोंधळतो, इनबिल्ट बहुधा बरोबर दिशा धरतं.

---

आडवाट

म्हणजे बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवला तर हे सगळं मिळेल का? खालचा व्हेरियंट घेऊन तो पर्यायही आहे.

---

कॅलिपर

नाही. बाहेरच्या नऊ इंची स्टिरिओसोबत जीपीएसची चौकोनी डबीसारखी अँटेना येते, तेवढीच. चाकांच्या वेगाची वायर बहुतेक बसवणारे जोडत नाहीत आणि स्वस्त युनिटना ती घेताही येत नाही. म्हणजे बोगद्यात ते फोनसारखंच वागणार.

तरी बसवणारच असाल तर अँटेना कुठे लावतात ते उभं राहून बघा. जागा डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, पातळी आडवी, तोंड आकाशाकडे. आतल्या लोखंडी पट्टीखाली किंवा स्टिरिओच्या पाठीमागे कोंबली की संपलं. दुहेरी टेपने घट्ट चिकटवा, नाहीतर खड्ड्यांत सरकून उलटी होते. तिची वायर डॅशकॅमच्या, म्हणजे काचेवरच्या कॅमेऱ्याच्या, वायरीसोबत गुंडाळू देऊ नका.

शिवाय नव्या गाडीच्या वायरिंगला हात लागला की इलेक्ट्रिकल वॉरंटीचा वाद उभा राहतो. मी तरी हा पर्याय सुचवणार नाही.

---

रस्ता_चुकलेला

एक अडचण. वायरने अँड्रॉइड ऑटो लावलं की बाण रस्त्याच्या बाजूला शेतात दिसतो, कधी मागेच राहतो. वायर काढली की त्याच फोनवर सगळं ठीक. फोन बदलूनही तेच. हे काय असावं?

---

उपग्रहवाला

दोष बहुधा गाडीत आहे. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले जोडलं की गाडी स्वतःचं स्थान आणि वेग फोनला देऊ शकते आणि फोन त्यावर विसंबतो. गाडीची अँटेना धड असेल तर हा फायदाच, कारण ती फोनपेक्षा चांगली जागा धरून असते. ती बिघडली असेल तर चांगला फोनही चुकीचा रस्ता दाखवतो.

क्रमाने असं तपासा.

डॅशकॅमची वायर सॉकेटमधून पूर्ण काढा आणि मोकळ्या मैदानात पाच मिनिटं थांबा. स्वस्त डॅशकॅम आणि चार्जर जीपीएसच्या लहरींत खरखर मिसळतात. बाण जागेवर आला तर चोर सापडला. कॅमेरा काचेच्या दुसऱ्या टोकाला न्या किंवा बदला.

तरी नाही आला तर समोरच्या काचेवरची फिल्म बघा. धातूचा थर असलेली फिल्म सिग्नल अडवते, सिरॅमिक अडवत नाही.

तेही नसेल तर सर्व्हिस सेंटरला स्टिरिओमागचा अँटेनाचा कनेक्टर तपासायला सांगा. स्टिरिओ एकदा बाहेर काढून परत बसवला असेल तर हा कनेक्टर अर्धवट राहिलेला असतो. "सॉफ्टवेअर अपडेट करून देतो" यावर समाधान मानू नका. आधी कनेक्टर, मग अपडेट.

---

सागरतीर

धागाकर्ते गुहागरचं म्हणतायत, म्हणून कोकणाचं सांगतो. इथे इनबिल्ट आणि फोन दोघंही सारखेच फसवतात, कारण नकाशाला वेळापत्रक कळत नाही.

दापोलीकडून गुहागरला यायचं तर मध्ये दाभोळची खाडी. दाभोळ–धोपावे फेरीबोट, म्हणजे जंगलजेट्टी, गाड्या पलीकडे नेते. ॲप ती साध्या रस्त्यासारखी मोजतं आणि कमी किलोमीटर दाखवून तुम्हाला धक्क्यावर आणून उभं करतं. बोट कधी सुटते, सुट्टीत रांग किती, रात्री शेवटची फेरी किती वाजता, हे त्या वेळेत धरलेलं नसतं. बोट हुकली तर खेड–चिपळूणवरून वळसा. वेश्वी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ, सगळीकडे हीच कथा. रात्रीचे निघणार असाल तर पर्यायांत जाऊन 'फेरी टाळा' सुरू करा. दिवसा मात्र बंद करा, बोटीने खरंच वेळ वाचतो.

दुसरं म्हणजे पावसाळा. वरंध घाट पावसाळ्यात दरड आणि खचलेल्या रस्त्यामुळे बंद ठेवतात. बंदीचा आदेश जिल्हा प्रशासन काढतं, तो नकाशात लगेच उतरेलच असं नाही. भोरहून महाडकडे नकाशा जवळचा रस्ता म्हणून वरंधच सुचवतो. पावसाळ्यात मधलं ठिकाण म्हणून माणगाव टाका, ताम्हिणीनेच नेईल. ताम्हिणीचीही बातमी निघण्याआधी बघून घ्या.

आणि पाण्याखालचे पूल. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशावर विसंबून चाललेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. पूल नकाशावर होता, प्रत्यक्षात तो धरण भरलं की पाण्याखाली जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं: रात्री रस्ता अरुंद होत चालला, समोरून एकही गाडी येत नाही, डांबर संपलं, की थांबा. दिवे लावून उतरा, पुढे चालत बघा, नाहीतर शेवटच्या वस्तीपर्यंत मागे जाऊन विचारा. कुठल्याही नकाशापेक्षा गावातला माणूस खरा.

---

घाटमाथा

सागरतीर, लाखमोलाचं लिहिलंत.

आता अपडेट. इनबिल्टचं खरं दुखणं तेच. नकाशा गाडीत किती जुना आहे हे शोरूममध्येच कळतं. तीन रस्ते शोधा: अटल सेतू (जानेवारी २०२४), मुंबईचा कोस्टल रोड (मार्च २०२४) आणि समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा (जून २०२५). पहिले दोन सापडले आणि तिसरा नाही, तर नकाशा त्यामधल्या काळातला. तिन्ही नसतील तर गाडी नवी असली तरी नकाशा शिळा. अशा नकाशावर समृद्धीला लागलात की बाण रानात तरंगतो आणि बाई सतत यू-टर्न घ्यायला सांगते.

जुन्या नकाशात नावंही जुनी असतात. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर टाकून काही आलं नाही तर जुन्या नावाने शोधा.

अपडेटच्या पद्धती दोन. सिम असलेल्या गाडीत हवेतून होतं, पण कनेक्टेड सेवेची फुकट मुदत संपली की काही गाड्यांत ते आणि ट्रॅफिक दोन्ही थांबतं. मुदत किती आणि नंतर वर्षाला किती, हे लेखी घ्या. दुसरी पद्धत पेन ड्राइव्हची: कंपनीच्या साइटवरून संगणकावर उतरवा, पेन ड्राइव्हवर टाका, गाडीत लावा. पेन ड्राइव्ह मोठा लागतो, बऱ्याचदा ६४ जीबीचा, आणि कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच फॉरमॅट करावा लागतो. वेळ अर्ध्या-पाऊण तासापासून पुढे. तेवढा वेळ इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरून अपडेट मध्येच तुटतं आणि स्क्रीन कंपनीच्या चिन्हावर अडकतो. बंद गॅरेजात करू नका, धूर साचतो. गाडी मोकळ्यावर लावा.

एसडी कार्डवाली यंत्रणा असेल तर ते कार्ड काढून दुसरीकडे वापरू नका. बहुतेक कार्डं त्या यंत्रणेशी बांधलेली असतात, फॉरमॅट झालं की नकाशा गेला.

---

वायरमन_वाकड

फोन तापण्याचं विचारलं नाहीत, पण उन्हाळ्यात नागपूरला जाणार आहात म्हणून लिहितो.

आयफोनसाठी कंपनीनेच ० ते ३५ अंश हवेची मर्यादा दिली आहे. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड याच्या कितीतरी वर जातो. फोन तापला की आधी स्क्रीन मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी ॲप अडखळतं. फोन काचेवर चिकटवू नका, एसीच्या जाळीवर अडकवा, गार हवा पाठीला लागेल. वायरलेस चार्जिंगची पाटी आणि वायरलेस अँड्रॉइड ऑटो ही जोडी सगळ्यात जास्त तापवते.

वायरने अँड्रॉइड ऑटो लावलं की फोनचा स्वतःचा स्क्रीन बंद ठेवता येतो. बराच ताप तिथेच कमी. म्हणून लांबच्या रस्त्याला वायरच बरी.

वायर एक मीटरपेक्षा लांब नको, आणि डेटा नेणारी हवी. स्वस्त वायरींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यांवर अँड्रॉइड ऑटो उगवतच नाही. गाडीत दोन यूएसबी असतील तर फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असलेलं डेटाचं, विजेचं चिन्ह असलेलं फक्त चार्जिंगचं. डेटाचं पोर्ट जुन्या पद्धतीचं असेल तर अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॉट. नेव्हिगेशन त्याहून जास्त खातं, म्हणून वायर लावूनही टक्के उतरतात. अशा गाडीत निघतानाच फोन पूर्ण भरलेला असू द्या.

दर काही मिनिटांनी तुटत असेल तर गाडीला दोष देण्याआधी फोनचं पोर्ट बघा. खिशातला कापूस आत दाबून बसतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा. सुई वापरू नका.

---

चार्जिंग_चालू

गाडी इलेक्ट्रिक असेल तर माझं मत उलटं आहे, इनबिल्ट घ्या. बॅटरीत किती टक्के आहेत हे गाडीला माहीत असतं, सुटा फोन ते ओळखत नाही. शिवाय काही गाड्या चार्जर हे मुक्काम म्हणून गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये टाकला तरच पोचण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणतात. चार्जर चालू आहे का हे मात्र चार्जिंग कंपनीच्या ॲपमध्येच बघा.

---

आडवाट

पेट्रोल आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. फोन वापरणं कायद्यात बसतं ना? आणि मराठी सूचना मिळतात का?

---

घाटमाथा

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना असं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरता येतं. फोन हातात धरून पत्ता टाकणं त्यात बसत नाही. होल्डरला लावा, पत्ता थांबूनच टाका.

मराठी आवाज गूगल मॅप्समध्ये आहे: सेटिंग, नेव्हिगेशन, आवाज निवड. ब्लूटूथवर पहिले दोन शब्द कापले जातात आणि "…मीटरनंतर डावीकडे" एवढंच ऐकू येतं, कारण वाहिनी जागी व्हायला क्षण लागतो. वायरने जोडलं की सहसा पूर्ण ऐकू येतं.

तुमच्या वापराला माझं स्पष्ट मत: खालचा व्हेरियंट घ्या. चांगली छोटी वायर, एसीच्या जाळीचा होल्डर, ऑफलाइन नकाशा, जोडीला मॅपल्स. टोलचा अंदाज आणि मोठ्या चौकातलं फाट्यांचं चित्र त्यात चांगलं मिळतं. चांदणी चौकासारख्या ठिकाणी, जिथे रॅम्प एकमेकांच्या वरून जातात, तिथे ते फार कामाचं आहे. जीपीएसला तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हे धड कळत नाही, उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. वरच्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग किंवा चांगले दिवे असतील तर त्यासाठी जरूर घ्या.

---

आडवाट

सहा एअरबॅग दोन्हीत आहेत, दिवे वेगळे आहेत. टेस्ट ड्राइव्हला काय काय बघू?

---

कॅलिपर

स्वतःची वायर न्या, शोरूमची नको. फोन लावा आणि एखाद्या उड्डाणपुलाखालून सर्व्हिस रोडने जा. बाण पुलावर उडी मारतो का बघा. मग एक वळण मुद्दाम चुकवा, नवा रस्ता किती सेकंदांत येतो ते मोजा. ते झालं की मोबाइल डेटा बंद करून पुन्हा तेच. शेवटी दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता येतो का, आणि काळा चष्मा घातल्यावर तो काळा पडतो का तेही बघा. पोलराइज्ड चष्म्यातून काही स्क्रीन दिसतच नाहीत, आणि हे शोरूमच्या सावलीत कळत नाही.

---

आडवाट

शनिवारी वारजे पुलाखाली हेच करून बघतो. ऑफलाइन नकाशा आत्ताच उतरवला. विमान मोडवर चिपळूण–गुहागर आला.